बेल बंद आहे, कृपया आवाज द्यावा

तीर्थरूप मामा यांस,

भाचीचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग फक्त लिहिण्यापुरता. माझ्या कंबरेची सध्या अशी अवस्था आहे की एकदा आडवी झाले तर आठही अंगं पुन्हा उभी राहतील याची खात्री नाही. तेव्हा उभ्यानेच घ्यावा.) तुमचा गुडघा जिना चढताना दुखतो की उतरताना, हे मागच्या भेटीत विचारायचं राहिलं. मामीची साखर आटोक्यात आहे ना? आणि ती आटोक्यात आहे असं मामी म्हणते की तपासणीचा कागद म्हणतो, तेही कळवावे. पत्रात मोठ्यांना 'तुम्ही' म्हणावं हे तुम्हीच मला शिकवलंत, पण मामा, आज ते चार ओळींच्या पुढे रेटत नाही. मी रागात आहे. रागात असताना 'तुम्ही' म्हणायचं ते फक्त साहेबांना, अशी मला आता सवय लागली आहे. तू घरचा आहेस, म्हणून इथून पुढे 'तू'.

फोन का नाही केला, असं तू विचारशील. एक तर तू फोन कानाला न लावता आरशासारखा तोंडासमोर धरतोस, त्यामुळे माझं बोलणं तुझ्याआधी समोरच्या घरात पोचतं. दुसरं म्हणजे मी जरा तापले की तू 'जाऊ दे गं' म्हणतोस. कागद 'जाऊ दे' म्हणत नाही. आज मला कुणीही 'जाऊ दे' म्हणायला नको आहे.

आमचा बाळंतिणींचा वॉर्ड तू पाहिलेला नाहीस. तो काटकोनात वळलेला आहे. एका बाजूला खाटांची लांबलचक रांग, आणि वळणापलीकडे लेबर रूम नि आमचं नर्सेसचं टेबल. म्हणजे खाटेवरची बाई आम्हाला दिसत नाही आणि आम्ही तिला दिसत नाही. ज्या कुणी ही इमारत बांधली त्याला हे कळलं असावं, कारण त्याने प्रत्येक खाटेच्या बाजूला एक लाल बटण दिलं आणि आमच्या टेबलामागच्या भिंतीवर एक पेटी बसवली. बटण दाबलं की पेटीत त्या खाटेचा दिवा लागतो आणि बेल वाजते. असं म्हणतात. मी इथे लागल्यापासून त्या पेटीचा मी पाहिलेला एकमेव उपयोग म्हणजे तिच्या कडीला कॅलेंडर टांगलेलं आहे.

देखभाल विभागाचे इंजिनिअर दिसले की मी बेलचं विचारते. (आता ते मला पाहून जिना बदलतात. त्यांचाही गुडघा दुखत असेल तर त्याला मी जबाबदार आहे.) आधी म्हणाले, तो पार्ट मिळत नाही. मग म्हणाले, पार्ट मिळतो पण जो विकतो तो आपल्या यादीत नाही. मग म्हणाले, सगळी यंत्रणाच नवीन येणार आहे, तेव्हा जुनी दुरुस्त करण्यात अर्थ नाही. नवीन कधी येणार, तर जुनी असताना नवीन मागता येत नाही. हे सगळं ते एका दमात बोलले, आणि त्यात त्यांना काहीही खटकलं नाही. आमच्यातल्या चष्मेवालीने (ही माझ्याबरोबर ड्यूटीला असते, वयाने लहान, हाताने फार हुशार) एकदा पेटीचं झाकण उघडून पाहिलं, तर विजेच्या वस्तूला परवानगीशिवाय हात लावणं हा शिस्तभंग आहे असं तिला ऐकवण्यात आलं. शेवटी इंजिनिअरांनी खरंच काहीतरी केलं. प्रत्येक खाटेच्या उशावर, भिंतीला, एक छापील पाटी चिकटवली: 'बेल बंद आहे, कृपया आवाज द्यावा.' मामा, जी बाई खाटेवर उताणी पडली आहे तिला स्वतःच्या डोक्यामागची भिंत दिसत नाही. ती पाटी फक्त भेटायला आलेले लोक वाचतात, आणि वाचून आवाज देतात. त्यामुळे भेटायच्या वेळेत आमच्याकडे बाजार भरतो आणि बाकी वेळ सगळं शांत.

आता मुख्य हकिकत. त्या दुपारी लेबर रूममध्ये दोघी एकदमच मोकळ्या व्हायला आल्या. बाळं काही ड्यूटीचा तक्ता बघून येत नाहीत. एकीकडे मी, दुसरीकडे चष्मेवाली. दार बंद, आत दोघींच्या किंकाळ्या, वर आमचं 'जोर लाव, जोर लाव'. वॉर्डात कुणी नाही, कारण तिथे असायला हवी ती तिसरी नर्स आमच्याकडे नेमलेलीच नाही. पलीकडच्या टोकाच्या खाटेवर एक शिक्षिका होती. सकाळीच बाळंत झालेली, अतिशय सभ्य बाई. पाणी दिलं तरी 'तुम्हाला त्रास झाला' म्हणायची. तिच्या अंगावरून जायला लागलं. तिने बटण दाबलं, आणि वाट पाहिली. पुन्हा दाबलं. नंतर मला तिनेच सांगितलं की तिसऱ्यांदा दाबायला तिला संकोच वाटला, तुम्ही कामात असाल असं वाटलं. (हे वाक्य मी रोज घरी घेऊन जाते, मामा, आणि रोज सकाळी ते माझ्याआधी उठलेलं असतं.)

तिच्या शेजारच्या खाटेवर एक शिवणकाम करणारी बाई होती. दुसऱ्या खेपेची, अंगाने आडवी, जिभेने तिखट. जेवणात मीठ नाही म्हणून तिने सकाळीच माझ्याशी भांडण काढलं होतं. तिने शिक्षिकेची चादर पाहिली आणि हाक मारली. दोनदा, तीनदा. लेबर रूमच्या दारापर्यंत काही पोचेना. टाके ताजे, उठून पळता येत नाही. तिने काय करावं? जेवणाचं रिकामं स्टीलचं ताट उचललं आणि फरशीवरून चाकासारखं सोडून दिलं. ते खणखणत गेलं, वळणावर भिंतीला आपटलं, वळलं आणि थेट लेबर रूमच्या दारावर येऊन धडकलं. माझ्याकडचं बाळ नुकतंच रडलं होतं. मी तावातावाने बाहेर आले ते, ताट कुणी फेकलं म्हणून खरडपट्टी काढायला. वळण घेतलं आणि ती चादर पाहिली.

पुढचं मी तुला फार सांगत नाही. तू रक्त बघून खुर्ची शोधणारा माणूस. पोट चोळून चोळून माझे हात भरून आले, चष्मेवालीने सुई टोचली, डॉक्टर पळत आले, रक्ताच्या पिशव्या आल्या. बाई वाचली. डॉक्टर मला जाता जाता म्हणाले की अजून थोडा वेळ गेला असता तर कठीण होतं. मी मान हलवली. मग भांडी घासायच्या मोरीत जाऊन ते ताट हातात घेऊन बसले आणि रडले. ताटाला आमटी लागलेली होती, ती माझ्या एप्रनला लागली, आणि एप्रन मळका म्हणून त्याच संध्याकाळी मला बोलणी बसली.

दोन दिवसांनी मीटिंग. आमचे अधीक्षक, म्हणजे साहेब, फार मऊ बोलतात. त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं की इथे कुणालाही दोष द्यायचा नाही, आपण सगळे एक कुटुंब आहोत, घडलेल्या गोष्टीतून फक्त शिकायचं आहे. हे सांगून झाल्यावर त्यांनी चष्मा लावला आणि ड्यूटीवर कोण होतं असं विचारलं. (कुटुंबात असंच असतं म्हणा. आपल्या घरीही कप फुटला की आजी आधी 'असू दे' म्हणायची आणि मग चौकशी सुरू करायची.) मी म्हटलं, आम्ही दोघी होतो, दोन बाळं काढत होतो, बेल बंद आहे. त्यांनी बेलची प्रक्रिया चालू आहे असं सांगितलं. मी म्हटलं, बेल चालू नाही. ते म्हणाले, बेल नाही, प्रक्रिया. मग बराच वेळ नर्सेसनी वॉर्डात फेरी मारायला हवी यावर चर्चा झाली. दोन बायका बाळंत होत असताना फेरी कुणी मारायची, यावर झाली नाही. शेवटी शिकायचं म्हणून आम्ही जे शिकलो ते असं: एक, दोघींनी यापुढे अधिक जागरूक राहावं. दोन, ताट फेकल्याने लेबर रूमच्या दाराचा रंग उडाला आहे, रुग्णांना तशी समज द्यावी. ती समज द्यायला मलाच पाठवलं. मी त्या शिवणवाल्या बाईकडे गेले आणि तिच्या पाया पडले. ती म्हणाली, आधी जेवणात मीठ घाला.

नंतर आम्हीच ठरवलं. दुपारचं जेवण झालं की ताटं परत घ्यायची नाहीत. धुऊन, पुसून, चमच्यासकट प्रत्येकीच्या उशाशी. योजना सगळी शिवणवालीची. घरी जायच्या आधी तिने खाटाखाटांवर जाऊन शिकवणी घेतली: पाणी हवं असेल तर एकदा वाजवा, बाळ दूध ओढत नसेल तर दोनदा, आणि जीव घाबरला तर थांबूच नका. मामा, खोटं वाटेल, पण चाललं. खरंच चाललं. वळणापलीकडून ताट वाजलं की कुठल्या टोकाचं आहे हे आम्हाला कानाने कळायला लागलं. पाहुणे हसायचे, स्वयंपाकघराचा मुकादम ताटं मोजून मोजून चिडायचा. आम्ही सगळ्यांना सहन करत होतो, कारण बाया झोपायला लागल्या होत्या. ज्या बाईला माहीत आहे की बोलावलं तर कुणी येईल, तीच झोपते.

अशात एक पाहणीवाली मुलगी आली. सुरक्षिततेबद्दल नर्सेसना काय वाटतं, हे तिला विचारायचं होतं. चांगली होती बिचारी, प्रश्न वाचताना तिच्या गालाला खळी पडायची. उत्तरं गुप्त राहतील असं तिने सांगितलं, आणि आमच्या मेट्रन कोपऱ्यात खुर्ची टाकून बसल्या. फक्त चहा प्यायला, असं म्हणाल्या. पहिलाच प्रश्न: तुमच्या हातून चूक झाली तर तुम्हाला मोकळेपणाने सांगता येतं का? सगळ्यांनी मेट्रनकडे पाहिलं. मेट्रननी कपाकडे पाहिलं. चष्मेवाली म्हणाली, खूप मोकळेपणाने. दुसरा प्रश्न: वरिष्ठ तुमचं ऐकून घेतात का? खूप ऐकतात. तिसरा: मनुष्यबळ पुरेसं आहे का? इथे एकीला हसू फुटलं आणि तिला ठसका लागल्याचं नाटक करत बाहेर जावं लागलं. मला राहवलं नाही. मी त्या मुलीला म्हटलं, कागद ठेव, वॉर्डात चल. आणि तिला ताटं दाखवली.

ही माझी मोठी चूक. मला वाटलं, ताटं पाहून ती विचारेल की बेल का नाही. तिने ताटं पाहिली आणि तिला आनंद झाला. किती साधं, किती स्वस्त, बायकांचा किती सहभाग. ती थेट साहेबांकडे गेली. साहेबांना ताटांबद्दल काहीच माहीत नव्हतं, पण तिचं ऐकता ऐकता ती त्यांचीच कल्पना होती हे त्यांच्या लक्षात आलं. पुढच्या महिन्यात आमच्या रुग्णालयाला रुग्णसुरक्षेचं बक्षीस जाहीर झालं.

थांब, खुर्चीत नीट बस. अजून संपलं नाही.

बक्षीस द्यायला मोठे पाहुणे येणार, त्यांना प्रात्यक्षिक दाखवायचं ठरलं. वॉर्डाला रंग लागला. (बाळंतिणींना त्या वासाने उलट्या झाल्या. त्या उलट्या आम्ही काढल्या.) उडालेला दाराचा रंगही भरला, म्हणजे पुरावाही गेला. 'बेल बंद आहे'च्या पाट्या खरवडून काढल्या. जुनी ताटं शोभत नाहीत म्हणून नवी आणली, त्यावर रुग्णालयाचं चिन्ह कोरलेलं. ती इतकी पातळ की वाजवली तर टुणटुण करत. आणि आदल्या दिवशी तालीम. साहेब वॉर्डाच्या मध्ये उभे राहणार, रुमाल वर गेला की सगळ्यांनी वाजवायचं, रुमाल खाली आला की थांबायचं. टाके दुखतायत, छाती भरून आली आहे, बाळ रडतंय, आणि ओळीने बसलेल्या बाया साहेबांच्या रुमालाकडे डोळे लावून ताटं वाजवतायत. मी मेट्रनना म्हटलं, हे बरं दिसत नाही. त्या म्हणाल्या, तुला फुलांचा गुच्छ धरून दारापाशी उभं राहायचं आहे, केस नीट विंचरून ये.

कार्यक्रम सकाळीच होता. पाहुणे आले, भाषण झालं, रुमाल वर गेला, ताटं वाजली, रुमाल खाली आला, टाळ्या. मग फोटोवाल्याचं काहीतरी चुकलं म्हणून पुन्हा एकदा करायचं ठरलं. रुमाल वर. ताटं सुरू. आणि रांगेच्या मधोमध एक मुलगी होती, पहिलटकरीण. तालमीत तिचं ताट हातातून पडत होतं इतकी बुजलेली. ती जीव तोडून वाजवत होती. पाहुणे तिच्याकडे बोट दाखवून कौतुक करत होते. साहेब खूश झाले. त्यांनी रुमाल आणखी वर नेला.

मामा, बाकी सगळ्या जणी रुमालाकडे बघत होत्या. ती बघत नव्हती. ती मांडीकडे बघत होती. मांडीवर तिचं बाळ निळं पडत होतं.

रुमाल खाली आला, सगळी ताटं थांबली, तिचं थांबलं नाही. लोकांना वाटलं, उत्साह. कुणीतरी तिच्या ठेक्यावर टाळ्या धरल्या. मी गुच्छ टाकला आणि धावले. मध्ये फोटोवाला पाय रोवून उभा होता, त्याला मी बाजूला केलं. (तो म्हणतो ढकललं. तसं म्हण हवं तर. तो मागच्या टेबलावर बसला, आणि टेबलावर बक्षिसाची ढाल होती.) दूध घशात अडकलं होतं. बाळाला हातावर पालथं घेतलं, डोकं खाली, पाठीवर थापट्या. चष्मेवाली नळी घेऊन आली, घसा साफ केला. एक क्षण काहीच नाही. मग ते रडलं. जरा घोगरं, मग चांगलं मोठ्याने, आणि निळ्याचं लाल झालं. मुलीच्या हातात अजून चमचा होता, तो मला सोडवून घ्यावा लागला.

आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. पाहुणे पुढे आले, माझ्याकडे पाहून हसले आणि साहेबांना म्हणाले, "फारच छान. हेसुद्धा बसवलेलं होतं का?"

माझ्या डोक्यात काय झालं ते मला आजही नीट सांगता येणार नाही. बाळ माझ्या खांद्यावर होतं. मी पाहुण्यांना म्हणाले, "नाही साहेब. हे खरं होतं. आम्ही ताटं वाजवतो कारण बेल बंद आहे. हे बटण दाबून बघा."

त्यांनी दाबलं. मोठे लोक बटण लगेच दाबतात, सवय असते. सगळा वॉर्ड चिडीचूप. पुन्हा दाबलं. बोटाने जोर देऊन धरून ठेवलं. काहीही नाही. ती शांतता, मामा, मला वाटलं, आता ही सगळ्यांना ऐकू जाईल. आता कुणाला तरी लाज वाटेल. साहेब मऊ आवाजात म्हणाले, त्याची प्रक्रिया चालू आहे. पाहुण्यांनी समजून घेतल्यासारखी मान डोलावली, प्रक्रियेला वेळ लागतोच असं म्हणाले, आणि मग सगळे अल्पोपाहाराला गेले. चेपलेली ढाल तिथल्या तिथे सरळ करून देण्यात आली.

मी खरं बोलले, सगळ्यांसमोर बोलले, प्रात्यक्षिकासह बोलले, आणि कुणीही ते नाकारलं नाही. नाकारलं असतं तर भांडता तरी आलं असतं. त्यांनी ऐकलं आणि ते वेफर्स खायला गेले. हा राग कुठे ठेवायचा ते सांग. घरी आणला तर ह्यांच्यावर निघतो, आणि ह्यांनी तर बापड्यांनी फक्त मीठ कुठे आहे एवढंच विचारलेलं असतं.

दुसऱ्या दिवशी मेट्रननी बोलावलं. दार बंद केलं. मी तयारीने गेले होते, उत्तरं पाठ केली होती. त्यांनी टेबलावरचा कप बाजूला सरकवला. मग हळू आवाजात म्हणाल्या, "मीही एकदा अशीच बोलले होते. काही झालं नाही. मग मी बोलायचं सोडलं, आणि मला वाटलं, हेच शहाणपण." त्या पुढे म्हणाल्या, "तू सोडू नकोस." मग उठून त्यांनी दार सताड उघडलं आणि सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल अशा आवाजात माझी अशी काही हजेरी घेतली की वरच्या मजल्यावरची झाडूवाली डोकावून गेली. शिस्त, मर्यादा, पाहुण्यांसमोर बोलणं, फोटोवाल्याची अवघडलेली मान. मी खाली मान घालून उभी. हसू आवरायला मला गालाच्या आतून चावावं लागलं, आणि डोळ्यातून पाणी येत होतं, त्यामुळे दिसायला ते अगदी योग्य दिसलं.

आता खरा कळस. बक्षीस मिळवून देणारी ताटं बाया वापरून खराब करतील म्हणून साहेबांनी ती गोळा करून नेली. ती आता त्यांच्या खोलीत काचेच्या कपाटात आहेत, ढालीशेजारी, खाली छोटा दिवा लावून. स्वयंपाकघराचा मुकादम जुनी ताटं उशाशी ठेवू देत नाही, कारण त्याला वरून सांगितलं आहे की ताट जेवणापुरतंच. म्हणजे मामा, हिशेब असा: बेल बंद, पाटी गेली, ताटं कपाटात, आणि आम्ही सुरक्षिततेत पहिले. सध्या बाया टाळ्या वाजवतात. एकीने काल बाळाचा खुळखुळा वाजवला. मला वाटलं, खेळतेय. मी जरा उशिरा गेले. काही झालं नव्हतं, पाणी हवं होतं. पण मी उशिरा गेले.

असो. माझी प्रकृती चांगली आहे, हे पत्र वाचून वाटतं तितकी वाईट नाही. घरी सगळे बरे. तू गुडघ्याला शेक घेत जा. मामीला नमस्कार, लहानांना पापा. काही कमीजास्त लिहिलं गेलं असेल तर आवाज मोठा म्हणून तूच माझं नाव भोंगा ठेवलं होतंस, हे आठवून सोडून दे.

तुझी भाची,
भोंगा

ता. क. – तू जन्मभर वायरमनची नोकरी केलीस आणि कारखान्याचे भोंगे, बेल्या, दिवे बसवलेस, म्हणून विचारते. काल सगळे जेवायला गेले तेव्हा मी कॅलेंडर काढून ती पेटी उघडली. बटणांकडून आलेल्या तारा धडधाकट दिसतात, वरचं आवरण निघालेलं नाही. पण आत उजव्या कोपऱ्यात एक चौकोनी ठोकळा जळून काळा झाला आहे आणि जळक्या रबराचा वास येतो. एवढंच गेलं असेल का रे? एवढंच असेल, तर मला आणखी राग येईल, पण सांग. आणि रविवारी भेटायच्या वेळेत ये. फळांची पिशवी आण, वर सफरचंदं, खाली पक्कड, टेस्टर आणि तसाच नवा ठोकळा. कुणी विचारलं तर बाळंतिणीचा मामा म्हण. तेव्हा बाजार भरलेला असतो, तू काय करतोयस ते कुणी पाहणार नाही. मेट्रन त्या दिवशी चहा प्यायला जाणार आहेत आणि बराच वेळ पिणार आहेत, असं त्यांनी मला आपणहून सांगितलं.

ता. ता. क. – मामी, पाकीट तूच आधी उघडलंस हे मला माहीत आहे. तो गुडघ्याचं कारण सांगून स्टुलावर चढणार नाही म्हणेल. मग तूही सोबत ये आणि तो सांगेल तसं तू चढ. तुझी साखर चढली तरी तू पडत नाहीस. आणि त्याला 'परवानगी आहे का' असं विचारू देऊ नकोस. परवानगीची प्रक्रिया चालू आहे.

आणखी एक. हे मी वर लिहिणार होते, पण लिहिता लिहिता राग आधी आला. मला दिवस गेले आहेत. अजून फक्त ह्यांना आणि चष्मेवालीला माहीत आहे. दुसरीकडे जा, असं सगळे म्हणतील. मी जाणार नाही. चष्मेवालीच्या हातांइतके चांगले हात मला दुसरीकडे मिळणार नाहीत, आणि दुसरीकडची बटणं मी दाबून पाहिलेली नाहीत. मी इथेच बाळंत होणार, वळणापलीकडे, त्याच रांगेत, जिथून टेबल दिसत नाही. कधीतरी मी बटण दाबीन, मामा. दोनदा दाबून संकोचणार नाही, धरून ठेवीन. ते वाजलं पाहिजे.